नळ त्याचा, पडदा तिचा

मिस्त्रीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि बेसिनच्या नळाखालचा पिवळट ओघळ बायकोला दाखवला.

"गळतोय हा. आणि आजकालचा नाही. पांढऱ्या बेसिनवर असा डाग एका रात्रीत पडत नाही."

"मग पुढचं बघा," शिलाईमशीनवरून मान वर न करता ती म्हणाली.

पुढचं हॉटेल देखणं होतं. गादीवर पांढरीशुभ्र चादर, उशीवर एक फूल, खिडकीत लेकीच्या परदेशी शहरातल्या उंच इमारतींचे दिवे. मिस्त्रीने यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. तो सरळ न्हाणीघराच्या फोटोत शिरला. शॉवर ठीक, फ्लश ठीक, फरशीचा उतार मोरीकडे. त्याने टॅब बायकोकडे वळवला. तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फक्त खिडकी पाहिली.

"पडदा पातळ आहे. शिवाय दोन्ही बाजू मध्ये भिडत नाहीत. रस्त्याचा सगळा उजेड आत."

"म्हणजे नापास."

"नापास."

दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं, आणि हॉटेलांच्या फोटोंनी तर ते रोज फसतं. पण ही दोघं फसणाऱ्यांतली नव्हती. तो जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त करत आलेला, ती जन्मभर लोकांचे पडदे शिवत आलेली. लग्नानंतर पहिल्यांदा प्रवासाला निघाले तेव्हापासून त्यांची एक रीत होती. लॉजवर गेलं की सामान बाहेरच ठेवायचं. तो न्हाणीघरात जाऊन सगळे नळ एकदम सोडायचा, पाइपाला कान लावायचा. ती पडदे ओढून दिवा घालवायची आणि फट कुठे राहते ते अंधारात बघायची. मग दोघं दारात येऊन आपापलं "चालेल" म्हणायची. एकाचं जरी आलं नाही, तरी बॅगा उचलून पुढचा लॉज. एका मॅनेजरला वाटलं, हे सरकारी तपासणीला आलेत. त्याने घाईघाईने चहा पाठवला, सोबत माफीही. लेक लहान होती. ती बाहेर बॅगांवर बसून ओरडायची, "पास की नापास?"

तीच लेक आता त्या परदेशी शहरात राहत होती आणि पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती. तिचं घर दीड खोलीचं. तिनेच सांगितलं होतं, दिवसभर माझ्याकडे राहा, झोपायला जवळच्या हॉटेलात जा. हॉटेल तुम्हीच निवडा. तुमच्या परीक्षेत बसायची माझी हिंमत नाही.

एवढं सगळं लेकीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की तिचे आईबाबा आता एका घरात राहत नाहीत.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं मिस्त्रीला पुष्कळदा वाटायचं. भांडण मिटवता येतं. गेल्या वर्षी तो चुलतभावाकडे आठवडाभर राहायला गेला होता. परत आला तेव्हा बायको ताजीतवानी दिसत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झालेली. ती म्हणाली, "मला झोप लागली हो. लग्नानंतर पहिल्यांदा इतकी लागली." त्याचा फोन रात्री-अपरात्री वाजायचा, कुणाच्या ना कुणाच्या घरात पाणी शिरलेलं असायचं, तो उठून जायचा, आणि तो परत येईपर्यंत, आल्यावरही, ती जागीच. तिची झोप मांजराची. कपडा घसरला तरी मोडणारी. तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं. महिन्याभरात तिने शिलाईच्या दुकानावरच्या या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

"तुमच्यावर राग नाही माझा," जाताना ती म्हणाली होती. "मला फक्त झोपायचंय."

यावर माणसाने काय बोलावं? गळका नळ असता तर त्याने वॉशर बदलला असता.

लेकीला सांगायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. ती इतक्या लांब, त्यात दिवस गेलेले. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मग बायकोने जुन्या घरातल्या बैठकीच्या पडद्यासारखंच कापड दुकानात शोधलं, तसाच पडदा शिवला आणि इथल्या भिंतीवर दांडी ठोकून घेतली. रविवारी मिस्त्री यायचा, दोघं पडदा टांगायची, त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडायची आणि शेजारी शेजारी बसायची. फोन झाला की पडदा उतरायचा. एवढ्या मोठ्या पडद्याची घडी एकट्याने नीट होत नाही. तो दोन टोकं धरायचा, ती दोन, आणि चालत चालत जवळ यायची. मिस्त्रीचा आठवडा या घडीसाठी होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते.

आणि गेल्या रविवारी ती आपणहून म्हणाली होती, "हॉटेलात एकच खोली घेऊ. पलंग वेगळे बघा म्हणजे झालं. दहा दिवसांचाच प्रश्न आहे. पोरीला या दिवसांत धक्का नको."

आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी जाऊन मऊ तळव्याच्या सपाता घेतल्या, रात्री उठलं तरी आवाज होऊ नये म्हणून. घरी पलंगावर पडून तो हळू कूस बदलायचा सराव करू लागला. फोन तर तो रात्रीचा केव्हापासूनच बंद ठेवत होता. तेही तिला सांगितलं नव्हतं. आता काय सांगायचं, वरातीमागून घोडं. पण दहा रात्री एका खोलीत राहिल्यावर तिलाच कळेल की फोन वाजत नाही. पहिल्या दोन रात्री ती जागी राहील. तिसऱ्या रात्री, चौथ्या रात्री कदाचित झोपेल. आणि एकदा शेजारच्या पलंगावर मी असताना ती झोपली, की मग बघू, असं त्याचं गणित होतं.

फोन वाजला. दोघं घाईने टांगून ठेवलेल्या पडद्यासमोर बसली.

लेक थकलेली दिसत होती. चेहरा सुजलेला, केस कसेतरी बांधलेले. तिने आधी आईला पायांची सूज दाखवली, मग बाबांना तिच्या न्हाणीघरातला शॉवर दाखवला, त्याचं पाणी मधेच थंड होतं म्हणून.

"आलो की बघतो," मिस्त्री म्हणाला. "पाना घेऊन येऊ का?"

"विमानात पाना घेऊन चढलात तर मला भेटायच्या आधी पोलीस भेटतील बाबा."

तिघंही हसली. तेवढ्यात दार वाजलं. पडदे न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. बायको उठून दाराकडे गेली आणि बाहेरच्या जिन्यावर तिचं मापांबद्दलचं बोलणं सुरू झालं.

लेकीचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा, आई लांब आहे का?"

"जिन्यात आहे. का गं?"

"दोन खोल्या घ्या."

मिस्त्रीला वाटलं, तिला जावयाच्या आईबद्दल वगैरे बोलायचं असेल. "आणखी कोण येतंय?"

"कोणी नाही. तुम्हाला एक, आईला एक." ती थोडं थांबली. "बाबा, मी लहानपणी इस्त्रीने पडदा जाळला होता, आठवतं? आईने त्यावर हिरव्या कापडाचं पान लावलं होतं. तुमच्या खांद्यामागे दिसायचं ते. या पडद्यावर नाहीये. आणि आईची झोप मला लहानपणापासून माहीत आहे."

मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. पडदा कोरा होता. आख्ख्या शहराचे पडदे शिवणारी बाई, तिच्या हातून एक पान राहिलं होतं. आणि तो दर रविवारी हा पडदा टांगत होता, त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच रविवारी."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलले असते तर तुम्ही दर रविवारी तिथे कशाच्या निमित्ताने गेला असता?"

लेकीने नजर दुसरीकडे वळवली. बापाला डोळे पुसायला वेळ द्यावा, एवढी ती मोठी झाली होती.

"आईला सांगू नका मला कळलंय म्हणून," ती म्हणाली. "रविवार चालू दे. पण माझ्यासाठी एका खोलीत नका राहू. ती दहा रात्री टक्क जागी राहील, आणि दिवसा माझं बाळ सांभाळेल. तिला नाही झेपायचं ते. आणि तिचं बघून तुम्हालाही नाही झेपायचं."

बायको आत आली. लेकीने लगेच आवाज चढवला, "मग काय, झालं का ठरवून? पास की नापास?"

"तुझे बाबा डाग शोधत बसलेत," बायको खुर्चीत बसत म्हणाली. "उद्या स्वर्गात नेलं तरी आधी मोरी बघतील."

फोन संपला. बायको पुन्हा मशीनकडे गेली नाही. टॅब जवळ ओढून तिने एक हॉटेल उघडलं. लेकीच्या घरापासून चालत जाण्यासारखं, साधंसं. मिस्त्रीने न्हाणीघर पाहिलं. नळ चांगला, जोड कोरडे. तिने पडदा पाहिला. जाड कापड, मागे अस्तर.

"चालेल," ती म्हणाली. "वेगळे पलंगही आहेत. करून टाकू?"

आता तोंड उघडलं नाही, तर दहा रात्री मिस्त्रीच्या होत्या. लेकीने सांगितलेलं त्याच्याजवळच राहिलं असतं, कुणी विचारणार नव्हतं. बायको स्वतः हो म्हणाली होती, त्याने काही तिला फसवलं नव्हतं. सपाता घरी पिशवीत तयार होत्या.

त्याने तिच्याकडे पाहिलं. दुपारचा उजेड तिच्या तोंडावर होता. डोळ्यांखाली आता काळं नव्हतं. गाल थोडे भरले होते. चाळिशीतली वाटावी तशी ती दिसत होती, आणि ती अशी दिसायला लागली होती ती त्याच्यापासून दूर आल्यावर. हे त्याला दर रविवारी कळत होतं, आज समोर बसून बघावं लागलं.

"दोन खोल्या घेऊ," तो म्हणाला.

"का?"

"मी घोरतो हल्ली. फार. शेजारचे तक्रार करतात."

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"लेकीला तेच सांगू," तो पुढे म्हणाला. "म्हाताऱ्याचं घोरणं वाढलंय, आईला त्रास नको म्हणून वेगळी खोली. त्यात काय धक्का बसायचाय? हसेल ती."

तिचे खांदे सैल झाले. आत्तापर्यंत ते किती आवळलेले होते, हे ते उतरल्यावर मिस्त्रीला दिसलं. आठवडाभर तीही काहीतरी सराव करत होती की काय कोण जाणे. टक्क जागं राहून झोपल्यासारखं दाखवायचा असेल.

मग दोघं पुन्हा कामाला लागली. एकाच मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मिस्त्रीने मजल्याचा नकाशा मोठा करून पाहिला.

"ही नको तुला. हिच्या भिंतीमागून पाण्याचे पाइप गेलेत. रात्री कुणी नळ सोडला की वाजणार. ती टोकाची घे. ही मला."

"या खोलीचा पडदा आखूड आहे," ती म्हणाली. "पहाटे उजेड थेट तुमच्या तोंडावर येईल."

"येऊ दे. मी जागाच असतो तेव्हा."

तिने तो आखूड पडदा मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "मी कापडाची पट्टी आणि चिमटे घेईन बरोबर. पोचल्यापोचल्या लावून देईन."

"चालेल."

"चालेल," तीही म्हणाली.

खोल्यांच्या चौकटीत एकाचा आकडा होता. तिने बोट त्यावर नेलं आणि थांबली.

"तुम्ही कधी घोरला नाहीत," ती म्हणाली. टॅबकडेच बघत, हळू. "सगळा जन्म शेजारी जागी होते मी. मला माहीत नसणार?"

मिस्त्री वाट बघत राहिला. हाताचे पंजे त्याने गुडघ्यांवर दाबून धरले होते. तिच्या बोटाखाली तो आकडा होता, आणि तिने नुसतं बोट उचललं असतं तरी पुरे होतं.

तिने एकाचे दोन केले.

पैसे भरून झाले, हॉटेलचा निरोप आला, लेकीला कळवून झालं. लेकीने लगेच उत्तर पाठवलं, हसणाऱ्या तोंडाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'बाबा घोरतात? बरं झालं कळलं.' बायकोने ते वाचून दाखवलं. मिस्त्री हसला.

मग तो खुर्चीवर चढला आणि पडदा दांडीवरून काढला. तिने दोन टोकं धरली, त्याने दोन. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापड ताणून त्यांनी झटकलं. अर्ध्यात दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि चालत जवळ आली. मधे हाताएवढं अंतर उरलं. मिस्त्रीने खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे पान असायला हवं होतं. तिनेही तिकडे पाहिलं की त्याच्या हातांकडे, ते त्याला समजलं नाही.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला.

"या."

त्याने आपल्याकडची दोन्ही टोकं तिच्या हातात दिली आणि चपला घालायला वळला.