विषय : चित्र क्रमांक एकतीस

त्या सुट्टीच्या मंगळवारी सुगंधाबाईंच्या हातून बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं जास्त पडली आणि त्या स्वतःवरच चिडल्या. चवीला दिलेला चमचा जान्हवीने चाखला आणि बरं झालंय म्हणाली. "खोटा बोला नको," असं म्हणून त्यांनी टोपावर झाकण ठेवलं आणि रोजचा प्रश्न विचारला.

"उत्तर इला काय गो?"

"नाय गो आये."

"तीन आठवडे झाले. साहेब रजेर असतलो."

"असतलो."

"मगे स्मरणपत्र करूया. वर संदर्भ घालूक व्हयो, पयल्या अर्जाची तारीख. नायतर थयलो क्लार्क म्हणतलो, पयलो अर्जच मिळाक नाय."

जान्हवी ताटं घेत राहिली. मायलेकी जेवल्या. दुपारी सुगंधाबाईंनी पडवीत बसून पेन्सिलींना टोकं काढली, संध्याकाळी शेजारच्या मुलीची वही तपासून दिली आणि नऊ वाजता निजल्या. सकाळी त्या उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. तो २००९ सालचा नोव्हेंबर होता.

साहेब रजेवर नव्हता, कारण साहेब असा कोणी नव्हताच. अर्जही कुठे गेला नव्हता. आणि ज्या तक्रारीमुळे तो अर्ज लिहावा लागला, ती तक्रार जान्हवीनेच केली होती. हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुगंधाबाई तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होत्या. तीस वर्षं त्यांनी मुलांकडून फुलदाणी, मोर आणि होडीमागचा सूर्यास्त काढून घेतला. निवृत्तीनंतर मात्र सूर्यास्ताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माणसं काढू लागल्या. बहुतेक बायका, बहुतेक म्हाताऱ्या. जाळी विणणाऱ्या, पेज गाळणाऱ्या, ओटीवर पाय पसरून पाठ चोळून घेणाऱ्या. कुडाळच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या जान्हवीने घरी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला आणि इंटरनेटवरच्या एका चित्रांच्या साइटवर आईचं खातं उघडून दिलं. वर्षभरात बत्तीस चित्रं चढली. केरळातला एक शिल्पकार, नागपूरची एक चित्रकार, आणखी कुठलीकुठली माणसं चित्रांखाली लिहू लागली. वायरी गावातल्या घराच्या पडवीत बसून सुगंधाबाई डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावायच्या आणि मग शेजारणीला सांगायच्या, "केरळातलो तो म्हणता, माझी रेघ श्वास घेता."

एकतिसावं चित्र आनंदीचं होतं. आनंदी मासे विकायची. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी. दुपारी बाजारातून परतली की सुगंधाबाईंच्या परसातल्या विहिरीवर मनसोक्त न्हायची आणि मगच आपल्या घरी जायची. तशीच तिला काढली होती. कळशी डोक्यावर उपडी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, साठीची छाती, साठीचं पोट, आणि त्यावरून ओघळणारं पाणी.

चित्र चढवताना साइटने एक प्रश्न विचारला होता. जान्हवीने तो आईला सांगितला, "ते विचारतत, चित्रात कोण उघडा आसा काय?"

"उघडा?" सुगंधाबाईंनी चित्राकडे नीट पाहिलं. "नाय. आनंदी न्हाता."

"म्हंजे उघडीच ना गो?"

"न्हातली बाईल उघडी खंयची? कपडे काढून रस्त्यार इली तर उघडी. 'नाय' म्हणान घाल."

जान्हवीने 'नाही'वर खूण केली. तेव्हा तिला ते उत्तर आवडलंही होतं.

पंधरा दिवसांनी कॉलेजात ऑफिसातला सत्यवान म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईंची चित्रं पाहिली. चांगली आहेत." खरंच चांगल्या मनाने म्हणाला. त्याच्या पडद्यावर आनंदी होती. तेवढ्यात प्राचार्य आत आले आणि सत्यवानने झटकन ती खिडकी बंद केली. झालं ते एवढंच. कोणी हसलं नाही की कोणी टोमणा मारला नाही. पण त्याचा हात ज्या घाईने हलला, ती घाई दिवसभर जान्हवीच्या अंगाला चिकटून राहिली. परदेशी चित्रकारांची जाडजूड पुस्तकं तिनेच ग्रंथालयासाठी मागवली होती. त्यातली पानं कोणी फाडली, तर ती विद्यार्थ्यांना तासभर ऐकवायची. त्या बायका दूरच्या होत्या. ही आनंदी होती, आणि खाली आईचं नाव होतं, आडनावासकट.

संध्याकाळी आई दिवा लावायला गेली असताना जान्हवीने चित्राखालच्या 'तक्रार करा' या शब्दांवर क्लिक केलं. तिला वाटलं, एक चित्र जाईल. सकाळी सगळं खातंच बंद. चुकीची माहिती दिली, असा ठपका.

सुगंधाबाईंनी खचून जायचं सोडून कामाला सुरुवात केली. नागपूरच्या बाईंचीही चित्रं गेली होती. आता त्या मुद्दाम चित्रावर काळी पट्टी ओढत होत्या. केरळातला शिल्पकार पुतळ्यांचे फोटो फक्त मागून काढायला लागला होता. दोघांनीही ईमेलने तोच सल्ला पाठवला.

"सगळी पाठ करून उभी ऱ्हवली, तर तोंडा कोणाची काढू?" सुगंधाबाई म्हणाल्या. तरी त्यांनी एकदा आनंदीच्या अंगावर टॉवेल काढून पाहिला. दुसऱ्या दिवशी ब्लेडने खरवडून टाकला.

मग त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत शिकलेला एकमेव उपाय केला. फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, अर्ज लिहिला. घरात मालवणीशिवाय न बोलणाऱ्या सुगंधाबाई कागदावर मात्र सरकारी मराठीत उतरत.

"विषय : चित्र क्रमांक एकतीस काढून टाकल्याबाबत. महोदय, सदर चित्रातील स्त्री विवस्त्र असल्याचे आपल्या कार्यालयाने कळविले आहे. तथापि आमचेकडे न्हाणाऱ्या स्त्रीस विवस्त्र म्हणण्याचा प्रघात नाही. सदर स्त्री दिवसभराचा मासळीचा वास अंगावरून उतरवीत आहे. तिला त्या वेळी फार बरे वाटते, हे मी समक्ष पाहिले आहे. तेवढेच काढले आहे. तरी फेरविचार व्हावा."

"ह्याचा इंग्लिश कर आणि धाड," त्या म्हणाल्या. "आणि खाली तुझ्या ग्रंथालयाचो शिक्को मार. शिक्क्याबिगर कोण वाचणा नाय."

जान्हवीने अर्ज कॉलेजात नेला. टेबलावर ठेवला, शिक्का शाईत बुडवला आणि तसाच परत ठेवून दिला. पाठवला, असं घरी सांगितलं. तीन आठवडे ती रोज 'नाय गो आये' म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी मनाशी ठरवत राहिली की रविवारी सांगू.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दोन दिवसांनी दुपारी आनंदी आली. रिकामी पाटी पडवीच्या कडेला ठेवून ती खालीच बसली. विहिरीकडे गेली नाही.

"बाय, माझा चित्र परत लावल्यानी काय गो?"

"नाय, मावशी."

"बाईंनी सांगितल्यानी होता, अर्ज केलो हा, येतला म्हणान." तिने पदराने मान पुसली. "माका बसयल्यानी तेव्हा मी पोट आत ओढलंय. तर तुझी आवस म्हणता कशी, आनंदे, सोड ता पोट, माका ताच होया! माज्या घोवान जल्मात असा बोलूक नाय." ती खो खो हसली आणि हसता हसता तिने डोळे टिपले. "खंय आसा ता हापीस? पुण्याक? माका घेवन चल. मी सांगतंय साहेबाक, अरे, मी न्हाय होतंय, तुझा काय गेला?"

"हापीस नाय मावशी. कोणी तरी तक्रार केली काय, मशीनच काढून टाकता."

"तक्रार? कोणी?"

जान्हवीने आनंदीची पाटी भिंतीकडे सरकवली.

"कोणी तरी भायलोच असतलो. हयलो कोण करूचो नाय. हयल्यांनी माका बावीर न्हाताना बघितल्यानी नाय की काय?" विहिरीकडे हात करून आनंदी उठली. पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि देवळाच्या दिशेने तोंड करून तिने हात जोडले. "थांब. गाराणाच घालतंय."

"मावशी, नको."

"नको कित्याक? बाई गेली वाट बघान बघान." तिने आवाज चढवला. शेजारच्या अंगणातली कोंबडी दचकून पळाली. "बा देवा म्हाराजा! ज्या कोणी आमच्या बाईच्या चित्राची चाडी केली असात..."

आणि ती थांबली. गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने साथ द्यायची असते. साथ मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणत नाहीत.

"व्हय म्हाराजा म्हण गो," ती हात जोडलेलेच ठेवून कुजबुजली.

जान्हवीचे ओठ हलले. दोनच शब्द होते. लहानपणापासून ते तिने देवळात शेकडो वेळा म्हटले होते, लक्ष नसतानाही.

"म्हण मगे! देव वाट बघता."

"ती चाडी मी केलंय, मावशी," जान्हवी म्हणाली. मग तिने पुन्हा, मोठ्याने, घरात आईची खाट होती तिकडे पाहत म्हटलं, "आये, तुझ्या चित्राची तक्रार मी केलंय. माका लाज वाटली. अर्ज पण मी पाठवूक नाय."