बाहुलीला वजन नसतं

आक्कांनी भावाला कुशीवर वळवलं, तशी चादरही त्याच्या पाठीबरोबर उचलली गेली. ती चिकटली होती. आक्कांनी सलाईनच्या पाण्याने कडा भिजवली, बोटाबोटाने चादर सोडवली आणि खालून जो वास वर आला, त्यासरशी पस्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलेल्या त्या बाईनेही तोंड फिरवलं. माकडहाडावर वाटीएवढी जखम होती आणि जखमेवर पावडर थापली होती. सुगंधी पावडर. पुवात भिजून तिचा राखाडी चिखल झाला होता.

"ही कुणी घातली?"

"मीच, मॅडम," उशाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. "वास यायला लागला होता, म्हणून."

घरी रुग्ण सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने दोन महिन्यांपूर्वी पाठवलेली ही मुलगी आक्कांच्या या भावाला, दादांना, सांभाळत होती. दादांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. राहिले होते ते डोळे, आणि ते आत्ता भिंतीकडे लागले होते. आक्का आज सकाळीच गावाहून आल्या होत्या.

"आक्का, पण काम पद्धतशीर आहे हो हिचं," दारात पदराने नाक धरून वहिनी म्हणाल्या. "आधीची होती ती नुसती टीव्हीपुढे ठाण मांडून बसायची. ही बघा, सगळं लिहून ठेवते."

भिंतीवर तक्ता टांगला होता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण, हिरव्या पेनाने, मोत्याच्या माळेसारखी एकसारखी. आक्कांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत होते. खुणा संध्याकाळच्या सहापर्यंत पोचल्या होत्या.

"आज संध्याकाळी सहाला तू यांची कूस बदललीस?"

मुलीने हिरवं पेन मुठीत लपवलं.

"मग हात का आखडलास? उद्याच्याही करून टाकायच्यास."

"सकाळीच भरून ठेवते, मॅडम. मग गडबडीत राहून जातं."

"काय राहून जातं? खूण की माणूस?"

वहिनींनी पदर सोडला. "आत्ताच्या आत्ता चालती कर हो हिला! माझ्या डोळ्यांत धूळ फेकली मेलीने."

आक्कांनी जखम धुतली, ओल्या कापसाने तो चिखल खरवडून काढला, कोरडी पट्टी बांधली. डॉक्टरांना फोन करून दुपारी यायला सांगितलं. दादांच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवली आणि मग ब्युरोचा नंबर लावला.

"लगेच दुसरी पाठवतो, मॅडम," मालक लोणी लावल्यासारखं बोलला. "काळजीच सोडा. आमच्याकडे आता परीक्षा दिल्याशिवाय एकही मुलगी नाही. नियमच आहे. आणि तो आणणाऱ्या समितीत तर तुम्हीच होता! तुमच्या सत्काराचा फोटो लावलाय आमच्या ऑफिसात."

आक्कांनी फोन ठेवला. बेसिनशी जाऊन त्या पुन्हा हात धुवू लागल्या.

त्या नियमाखाली सही त्यांचीच होती. न शिकलेल्या बाईच्या हाती कुणाचं आजारी माणूस देऊ नये, म्हणून त्या चार वर्षं भांडल्या होत्या. शेवटी परीक्षा ठरली. पण सरावाला रुग्ण द्यायला एकही हॉस्पिटल तयार होईना, तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, तूर्त बाहुलीवर घेऊ. समोर गरम चहा होता. आक्काही म्हणाल्या होत्या, तूर्त चालेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत त्यांचाही उंट होता.

त्या परत आल्या तेव्हा मुलगी आपली पिशवी भरत होती.

"परीक्षेत काय करायला लावलं होतं तुला?"

"तक्ता भरायचा. त्याला चाळीस मार्क. आणि रबरी बाहुलीची कूस बदलायची, त्याला दहा."

"जमली?"

"पैकीच्या पैकी." मुलगी पहिल्यांदाच जरा ताठ झाली. "एका हाताने फिरते ती, मॅडम. तिला वजन कुठे असतं?"

"आणि दादांना?"

"दादा मला उचलवतच नाहीत. मी चादरीला धरून ओढायची. पहिले पंधरा दिवस दर दोन तासांनी ओढलं, रात्रीसुद्धा. खोटं नाही सांगत. मग एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. परत ओढायला गेले की परत पाणी. मग माझ्याच्याने होईना." तिने पिशवीची चेन ओढली. "मग मी नुसतंच लिहायला लागले."

वहिनी दारातून आत आल्या.

आक्कांनी पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या. दादांच्या समोरच्या भिंतीला वहिनींची खाट होती. तिच्यावरचे कपडे बाजूला सारून त्या उताण्या झोपल्या आणि हातपाय सैल सोडून दिले.

"अहो, हे काय भलतंच?" वहिनी म्हणाल्या.

"पिशवी ठेव," आक्का मुलीला म्हणाल्या. "माझा पलीकडचा गुडघा वाकवून उभा कर. एक हात कमरेखाली, एक खांद्याखाली. तळवा सपाट. चादरीला हात लावायचा नाही. मी मदत करणार नाही."

पहिल्यांदा मुलीने ओढलंच. आक्कांच्या पाठीची कातडी हाडावरून करकरत सरकली आणि त्यांना शिसारी आली, स्वतःच्याच अंगाची. पस्तीस वर्षांत त्यांनी किती माणसं वळवली असतील, गणती नव्हती. त्यांना कुणी वळवलं नव्हतं.

"पुन्हा."

सातव्या वेळी तळवा बरोबर कमरेखाली गेला. आक्का एका दमात कुशीवर आल्या. आता समोर दादांचे डोळे होते, अगदी दोन-तीन हातांवर.

"जमलं!" मुलगी धापा टाकत म्हणाली. "आता उठा, मॅडम."

"नाही. दोन तासांनी ये आणि वळव."

"तोवर अशाच? आणि मध्ये अंग दुखलं तर सांगाल ना?"

आक्का दादांकडे पाहत राहिल्या. दादांसारखेच त्यांनीही ओठ मिटून घेतले होते.

मुलीने घड्याळ पाहिलं. मग स्टूल ओढून दोन्ही खाटांच्या मध्ये बसली आणि आक्कांचे डोळे बघू लागली.