स्टेजमागचा चंद्र

गोष्ट दोन हजार तीन सालची. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटी तेव्हा माळ्यावर चढत होत्या आणि त्यांच्या जागी चकचकीत डिस्क येत होत्या. घड्याळजींच्या दुकानावरच्या खोलीत मात्र एक कॅसेट अजून देवासारखी जपलेली होती.

ती होती एका रॉक बँडच्या मैफलीच्या सिनेमाची. मैफल झाली अठ्ठ्याहत्तर साली, उघड्या मैदानात. पुढे बँड भांडून फुटला, गाणारा वारला, उरला तो हा सिनेमा. त्याची कॅसेट निघाली त्या दिवसापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वेडे त्या खोलीत जमायचे. घड्याळजी स्वतः, दातांचा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर आणि शाळेचे गणवेश शिवणारी ताई.

प्रत्यक्ष मैफलीला गेलेली चौघांत ताई एकटीच. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून घरातून निघाली होती. परतताना एक चप्पल गर्दीत गेली ती गेलीच. घरी बोलणी खाल्ली, पण त्या एका संध्याकाळवर तिचं पुढचं आयुष्य पोसलं. नवरा लवकर गेला, मशीनवर बसून बसून कंबर धरली, तरी गुणगुणणं सुटलं नाही.

मंडळाला शिस्त तिनेच लावली. नवीन काही आलं की आधी टीव्हीवर चादर टाकून नुसता आवाज ऐकायचा. मग चादर काढून चित्र बघायचं. चहा संपला की निकाल. पसंत असेल त्याने रिकामा कप बशीत सरळ ठेवायचा, नापसंत असेल त्याने पालथा घालायचा. आणि वस्तू ज्याने केली किंवा आणली, त्याने निकाल लागेपर्यंत जिन्यावर बसायचं, अवाक्षर काढायचं नाही.

"विकणाऱ्याच्या जिभेवर साखर असते," ताई म्हणायची. "कापड हाताला लागलं की कळतं."

तिची मुलगी त्याच खोलीत, त्याच गाण्यांत वाढली. इतर पोरं अंगाईने झोपायची, ही ढोल सुरू झाला की पेंगायची. मोठी होऊन आवाजाचं तंत्र शिकली आणि एका स्टुडिओत लागली. त्या वर्षी नेमका हाच सिनेमा डिस्कवर काढायला त्या स्टुडिओत आला. मुलीने मूळ रिळं मिळवली आणि आवाज पहिल्यापासून नव्याने उतरवला. जेवणखाण विसरून खपली. आई रोज डबा भरून द्यायची, तो तसाच परत यायचा.

काम झाल्यावर मालक म्हणाला, "तुझ्या आईचं ते मंडळ आहे ना, त्यांना दाखव. ती माणसं खूष तर गिऱ्हाईक खूष. त्यांनी नाकं मुरडली, तर जुन्या कॅसेटचाच आवाज चढवू आणि मोकळे होऊ."

म्हणजे मुलीचं सगळं काम केरात.

रविवारी दुकानाचा जिना चढताना मुलगी म्हणाली, "आई, माझ्यासाठी म्हणून कप सरळ ठेवू नकोस हं."

"ठेवणारही नाही," ताई म्हणाली. इतकी पटकन म्हणाली, की मुलीला हसू आलं.

मुलगी वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. आत घड्याळजींनी टीव्हीवर चादर पसरली आणि मुलीने स्टुडिओतून आणून खोलीभर मांडलेल्या स्पीकरांवर डिस्क लावली. आधी लोकांचा गलका आला, समोरून, बाजूंनी, पाठीमागूनसुद्धा. ड्रायव्हरने मान वळवून मागे बघितलं आणि स्वतःशीच ओशाळला. मग गाणं सुरू झालं.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच डॉक्टर हलला. "काय हो, जेवून झोपल्यावर वाजवतायत काय?"

"ढिलं वाटतंय खरं," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही."

घड्याळजींची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती आणि दर वेळी गाण्याच्या जरा आधीच पडत होती.

ताईलाही कळलं, ते खरं होतं. आवाज नितळ होता, एकेक तार वेगळी ऐकू येत होती, पण गाण्याचा पाय जड पडला होता. वीस वर्षांत तिच्या कानांना या गाण्याचा वेग पाठ झाला होता, आणि हा तो नव्हता. दाराच्या फटीतून मुलीच्या पायाचा अंगठा दिसत होता. ताईने नजर फिरवली. पोटची पोर असली म्हणून उसवलेली शिवण सरळ म्हणायची का? चहा तिने मध्येच संपवला आणि कप हातात धरून ठेवला.

"आता चित्र," ती म्हणाली.

चादर निघाली आणि सगळे पुढे सरकले. चित्र असं स्वच्छ, की गाणाऱ्याच्या गळ्यावरचा घाम ओघळताना दिसत होता. मग ढोलवाल्याचा एकट्याचा भाग आला. तिथे कॅमेरा लांब जाऊन गप्प उभा राहतो, सबंध मैदान दिसतं, आणि मागे चंद्र. तो चंद्र म्हणजे मंडळाचा जीव. कॅसेटच्या धुरकट चित्रात तो पांढुरका गोळा बघून डॉक्टरने एकदा चाहत्यांच्या मासिकात चार पानं लिहिली होती, 'चंद्रसाक्षीने वाजलेला ढोल' म्हणून.

डॉक्टर चष्मा पुसून टीव्हीला नाक लावायचाच राहिला. "याला काटे आहेत," तो म्हणाला.

ते मैदानाचं मोठं घड्याळ होतं.

ड्रायव्हर हसून हसून खोकला. "डॉक्टर, तुमच्या चंद्रावर साडेसात वाजलेत."

"ताई तिथे होत्या ना? त्यांनी का नाही सांगितलं?"

ताई तिथे होती, हे खरं. पण कॅसेट बघून बघून तिलाही चंद्रच आठवायला लागला होता.

"चित्राला तोड नाही," डॉक्टर म्हणाला, "पण आवाजाचं काय? मी घालतो बुवा पालथा." त्याने कप उलटा केला. ड्रायव्हरने दाराकडे बघितलं, मान खाली घातली आणि आपलाही उलटा केला.

टीव्हीवर ते संथ, सगळ्यांच्या आवडीचं गाणं लागलं होतं. सवयीने ताई त्याच्या मागून गुणगुणू लागली. वरच्या ओळीपाशी ती नेहमी गप्प व्हायची, कारण तिथे आवाज फाटायचा. वय झालं, म्हणायची. आज ओळ आली आणि गळा आपसूक वर गेला, मैदानात गेला होता तसाच. अर्धी ओळ म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

"मागे घ्या," ती म्हणाली.

पुन्हा म्हटली. पुन्हा जमलं.

"आता कॅसेट लावा."

कॅसेटवर तीच ओळ आली आणि तिचा गळा मध्येच तुटला. "जवळजवळ एक पट्टी वर आहे," ती म्हणाली. "कॅसेट पळतेय. आपण वीस वर्षं पळत्या गाण्यामागे पळतोय."

"ताई," डॉक्टर जपून म्हणाला, "आईची माया समजू शकतो मी."

हे वर्मी लागलं. ताईने आपला कप खाली ठेवला, पण सरळही नाही आणि पालथाही नाही, आडवाच. मग ती घड्याळजींकडे वळली. "माझ्या गळ्यावर नका विश्वास ठेवू. त्या मैदानातल्या घड्याळाला सेकंदकाटा आहे. तुमच्या मनगटावरही आहे. तुम्ही सांगाल ते मला मान्य."

घड्याळजींचा चेहरा उतरला. कॅसेट त्यांची, व्हिडिओ त्यांचा. त्या कॅसेटचा वेग म्हणजे खरा वेग, असं नव्या चाहत्यांना ठणकावून सांगणारेही तेच. ते उठले, डिस्क ढोलाच्या भागावर नेली, मनगट डोळ्यांसमोर धरलं. मैदानातला काटा आणि मनगटावरचा काटा बरोबर चालले, ढोलाचा शेवटचा ठोका पडून फेरा पुरा होईपर्यंत एका पावलाने मागेपुढे नाही. मग त्यांनी तोच तुकडा कॅसेटवर लावला. ढोलवाल्याने शेवटचा ठोका दिला तेव्हा घड्याळजींचा काटा अजून वाटेतच होता.

त्यांनी कॅसेट थांबवली.

"सगळ्या गावाची घड्याळं लावली," घड्याळजी म्हणाले, "आणि माझ्या घरातच वेळ पुढे होती." त्यांनी स्वतःचा कप सरळ ठेवला. मग वाकून ड्रायव्हरचा आणि डॉक्टरचा कप सुलटा केला, न विचारता. ताईने आपला आडवा कप उभा केला आणि दार उघडलं.

"चल आत," ती मुलीला म्हणाली. "सिनेमाचं रीळ व्हिडिओवर घेताना वेगाने पळवायचे का गं?"

"हो, टीव्हीशी मेळ बसावा म्हणून किंचित. सगळ्याच कॅसेटी तशा."

"मग एवढा वेळ बोलली का नाहीस?"

"नियम कुणाचा?"

मुलीच्या पाठीवर हात ठेवून ताई तिला तिघांसमोर घेऊन गेली. तिघंही उभे राहिले. या खोलीत ते कुणासाठी कधी उभे राहिले नव्हते.

"टाळ्या जरा जास्त मोठ्या आहेत," डॉक्टर म्हणाला. अगदीच काही न बोलणं त्याच्या जिवावर आलं असणार.

डिस्क मुलीने केली तशीच निघाली. बाहेरच्या चाहत्यांनी सुरुवातीला आरडाओरडा केला, गाणी संथ केली म्हणून. तेव्हा घड्याळजींनी मासिकात स्वतःच्या नावानिशी लिहून चूक कुणाची ते सांगितलं. सहा वर्षांनी ते गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात. ड्रायव्हर निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत पोचवतो आणि गाडीत काय वाजेल ते तोच ठरवतो. डॉक्टरने दवाखाना सुनेकडे सोपवला. चंद्राचा लेख त्याने कधी मागे घेतला नाही. लेख साहित्य म्हणून वाचावा, असं त्याचं म्हणणं.

मुलीने पुढे कितीतरी जुन्या मैफली सोडवून आणल्या. स्वतःचा स्टुडिओ काढला. तिचा मोठा सत्कार झाला तेव्हा ताई स्वतः शिवलेला कोट घालून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"त्या आवाजवालीची आई," ताई म्हणाली, आणि कंबर दुखत असूनही ताठ बसली.