चित्राच्या बाहेर

फिजिओथेरपीच्या खोलीत तिने बस ड्रायव्हरच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि मान डावीकडे वळवायला घेतली. मान जेमतेम चार बोटांइतकी वळली आणि अडली, गंजलेल्या बिजागरीसारखी.

"दहापैकी किती दुखतंय, काका?"

"सात," ड्रायव्हर म्हणाला.

सहा आठवडे सातच. शेक दिला, सात. मशीन लावलं, सात. एक्स-रे धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, तरी सात.

तेवढ्यात विभागप्रमुख पडदा सारून आत आले. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. मोठं त्यांचं पोट होतं. ते ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला उभे राहिले.

"अहो, तुमची पिशवी पडली बघा."

ड्रायव्हरने चटकन मान वळवली. पार खांद्यापर्यंत. पिशवी जागच्या जागी होती.

"वळली की," सर हसले. "नुसती सोंगं. मॅडम, फिट लिहा आणि पाचच्या आत फॉर्म बस डेपोत पाठवा. सोमवारी गाडीवर चढू दे. नाही चढला तर नोकरीवर पाणी सोडेल. आपण इथे लाड करायला बसलो नाही."

ते गेले. तिला सरांचा राग आला होता आणि स्वतःचाही, कारण पिशवीकडे वळलेली ती मान बघून क्षणभर तिच्याही मनात 'सोंग' हाच शब्द आला होता.

"खोटं बोलायला अक्कल लागते," कोपऱ्यातल्या स्टुलावरून ड्रायव्हरची बायको म्हणाली. "यांना रजा मागताना साधी थाप मारता येत नाही."

"अगं, राहू दे."

"का राहू दे? गप्प बसूनच ही पाळी आली. घरात यांची मान चारी बाजूंना फिरते, डॉक्टर. मी काम सांगितलं की जरा आखडते, ते सोडा. पण डेपोत जायची वेळ झाली की दगड होते. हे सांगायला मी पहिल्याच दिवशी आले होते. तुम्ही म्हणालात, नातेवाइकांनी बाहेर बसा."

ती तसं म्हणाली होती खरी. एका पेशंटला पंधरा मिनिटं; त्यात पेशंटच्या बायकोचं कोण ऐकणार. तिने भिंतीवरचं व्यायामाचं गोल कडं काढलं, ड्रायव्हरला खुर्चीवर बसवलं आणि कडं त्याच्या हातात दिलं.

"गाडी चालवा."

तो ओशाळून हसला. पण कडं हातात येताच त्याची पाठ ताठ झाली, पाय आपसूक पेडलच्या जागी गेले.

"स्टॉप आला. थांबवा. आता डावीकडच्या आरशात बघा."

त्याचा डावा खांदा कानापर्यंत चढला. मान जागची हलली नाही. कपाळावर घाम आला. असा घाम सोंगाने आणता येत नाही, हे कळायला पदवी लागत नाही.

"दार बंद करा."

बटण दाबायला त्याचा डावा हात उठला आणि हवेतच थांबला.

"दारात कोण आहे, काका?"

बायकोने स्टूल पुढे ओढलं, मग जिथल्या तिथे थांबली.

"म्हातारी," तो म्हणाला. "एक पाय पायरीवर होता तिचा. गाडी सहा मिनिटं लेट होती. मी आरशात न बघताच बटण दाबलं." त्याने कडं मांडीवर ठेवलं. "दोन दिवस जगली."

"मला म्हणालात, तिचा पाय घसरला," बायको म्हणाली.

"डेपोनेच तसं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच गाडीवर."

"कोणी काहीच विचारलं नाही?"

"विचारलं ना. दाराचं काही मोडलं का, म्हणून."

खोलीत मशीनची शिटी वाजत राहिली. तिने ती बंद केली, जरा जास्तच जोरात. मग टेबलावरचा फॉर्म ओढून पहिलं पान उघडलं. पानावर माणसाच्या शरीराचं चित्र होतं. दुखतं तिथे पेशंटने फुली मारायची. मानेवर ठळक फुली होती, पण ती तिच्या हातची.

पहिल्या दिवशी त्याने फुली भलतीकडेच मारली होती. माणसाच्या डाव्या अंगाला, हाताच्याही पलीकडे, कोऱ्या कागदावर. ती हसली होती. 'अहो काका, चित्राच्या आत मारायची.' आणि रबर घेऊन खोडून टाकली होती. कागद तिथे अजून खरबरीत होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"झाला का फॉर्म?" पडद्यापलीकडून सरांचा आवाज आला. "पाच वाजत आले."

फिट आणि अनफिट असे दोन चौकोन होते. ती दोन्हींत काही लिहीना. खाली, शेऱ्याच्या ओळीवर तिने लिहिलं : तपासणी आज सुरू झाली. त्याखाली सही केली, तारीख टाकली. या एका ओळीसाठी सर उद्या तिला फाडून खाणार होते. खाऊ देत.

"ऐकलं ना, मॅडम?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि मानेवरची आपली फुली खोडली. मग चित्राचं पान ड्रायव्हरसमोर ठेवून त्याच्या हातात पेन्सिल दिली.

"दुखतं तिथे, काका."

त्याने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाहेर चालेल?"

तिने मानेनेच हो म्हटलं. त्याने फुली मारली, तिने खोडलेल्या जागेवरच, केसभरही इकडेतिकडे न होऊ देता.