काचेतला शेठ

परतूरच्या बाजारात त्या सोमवारी कापूस कमी आणि माणसं जास्त. सगळी धावत होती काळ्या तंबूकडं. निजामशाही जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी दरबार पाहायची हौस काही गेली नव्हती. आता दरबार होता दर्पणानंद महाराजांच्या आरशात! अंगावर काळी घोंगडी घेऊन स्टुलावर बसायचं, मान हलवायची नाही. घंटी वाजली की आपल्याच तोंडाखाली रेशमी कोट आणि डोक्यावर जरीचा फेटा!

एका बाहीच्या सदऱ्यातला कडूबा हमाल नाचतच बाहेर आला. "म्या शेठ हाय रे! बिलकुल शेठ!" पाठीवर घ्यायचं पोतं त्यानं तिथंच सोडलं.

"हमाल समजशील तर हमाल राहशील," महाराज गरजले, "शेठ समजशील तर लक्ष्मी पत्ता विचारत येईल! बच्चा, अंदरची तसबीर बदल!"

दुर्गाबाई शिंपिणीनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण तिचा पोरगा श्रीपती दोनदा तसबीर बघून आल्ता आणि आठ दिवस सुईला शिवला नव्हता. शेठनं सुई धरली की तसबीर पुसली जाते म्हणे! कडूबाची दुसरी बाही दुकानात तशीच पडलेली. आज तर पठ्ठ्यानं बापाची शिलाई मशीनच हातगाडीवर चढवली. महाराजांना वाहिली की तिसरं दर्शन, मंग तसबीर कायमची.

"श्रीपा, मशीन देऊन खाशील काय? आरसा?"

"आई, तू लहान विचार करून राह्यली."

"लहानच करते. चार तोंडांपुरता."

गाडी तंबूशी पोचली, तशी म्हातारी पोराच्या पुढं घुसली, घोंगडी ओढून धपकन स्टुलावर बसली.

"माई, बायांचं दर्शन शुक्रवारी!" महाराज गडबडले.

"शुक्रवारी मला सवड न्हाई." घंटी समोरच होती. तिनंच वाजवली.

समोर पांढऱ्या केसांवर जरीचा फेटा चढला, बोळक्या तोंडाखाली कोट आला. दुर्गाबाईला असं हसू फुटलं की स्टूल डगमगलं. "अगं बया! मी तर माझ्या सासऱ्यावाणी दिसून राह्यले!"

हसता हसता शिंपिणीची नजर मात्र खिशावर गेली. कोटाचा वरचा खिसा नेहमी घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. तिनं घोंगडीतून डावा हात काढून डाव्या छातीवर ठेवला. आरशात हात एकीकडं आणि खिसा दुसरीकडं! चाळीस वर्षं तिच्या दुकानात गिऱ्हाइकं आरशापुढं कोट घालून बघत होती. एकाचाही खिसा असा कूस बदलून बसला नव्हता.

"श्रीपा, इकडं ये! हा अंगातला कोट न्हाई, समोर टांगलेला हाय. बघ खिसा!"

श्रीपती वाकला. शेठ व्हायला निघाला असला तरी बापाच्या हाताखाली शिकलेला शिंपीच तो. तोंड उतरलं. "उलटा हाय, आई."

दुर्गाबाईनं उठून आरशाच्या कडेचा काळा पडदा बाजूला ओढला. काठीला अडकवलेला कोट, वर बांधलेला फेटा, मधे तोंडापुरती मोकळी जागा. बाजूला कंदील धरून एक लुकडा घामाघूम बसलेला.

"आरसा कशाचा, साधी काच हाय!" ती लोकांकडं वळली. "तोंडावर दिवा, म्हणून तोंड काचेत उमटतं. घंटी वाजली की हा कंदिलावरचं झाकण काढतो, मंग पलीकडचा कोट दिसतो. तोंड तुमचं, कोट ह्यांचा!"

महाराज मागच्या बाजूनं सटकू लागले. पाशामियाँ पिंजाऱ्यानं खांदे धरून त्यांनाच स्टुलावर बसवलं. "लो महाराज, बन गये शेठ! अब जल्दी घर जाव, लक्ष्मी पत्ता पूछते आतीच होंगी!"

बाजार पोट धरून हसला.

दुर्गाबाईनं कोटाची शिवण उलटून पाहिली. "स्वतःला मोठं समजा, कोण नको म्हणतं? मी तर समजतेच. पण हा कोटसुद्धा कुणी मान मोडून शिवला, तवा झाला. काचेत बघून बटनाचं एक काज होत न्हाई. आन् कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी पडद्यामागं बघून या. बघू दिलं न्हाई, तर तिथंच समजा."

श्रीपतीनं गाडी दुकानाकडं वळवली. वाटेत हळूच म्हणाला, "आई, मी शेठ होणारच न्हाई का?"

"होशील की! आधी कडूबाची बाही लाव. आठ दिवस बिचारा शेठ एका हातानं उघडा फिरून राह्यलाय."