सत्काराचा नारळ

ऋजुता वागळे इस्टेटमधून डोंबिवलीला पोचली, तेव्हा सोसायटीच्या जिन्यातच शालनकाकूंनी तिला गाठलं आणि काही बोलायच्या आत तिच्या तोंडात पेढा कोंबला.

"अगं, लपवून ठेवलंस होय! भाऊंनी सांगितलं म्हणून कळलं. कंपनीत सत्कार झाला म्हणे!"

पेढा घशातच अडकला. कारण त्याच दुपारी कंपनीने ऋजुताला कामावरून काढून टाकलं होतं.

कंपनी पिठाच्या आणि मसाल्याच्या गिरण्या बनवते. गिरणीबरोबर जी माहितीपुस्तिका येते, तिचं मराठी गेली कित्येक वर्षं ऋजुता करत आली होती. 'चालू गिरणीत हात घालू नका.' 'झाकण उघडण्याआधी बटण बंद करा.' एकदा वाचलं की समजलंच पाहिजे, नाहीतर कुणाची तरी बोटं जातील, असा तिचा हट्ट. एका शब्दासाठी ती शॉपफ्लोअरवर जाऊन फिटरशी भांडून येई. आता ते काम म्हणे कॉम्प्युटर फुकटात करतो. ठीक आहे, करत असेल. पण तसं तोंडावर सांगायला काय झालं होतं?

सांगायला डायरेक्टर शौनक होता. मोठ्या मालकांचा मुलगा, नाव मराठी, आडनाव मराठी, आणि मराठी तेवढ्यापुरतीच. त्याने 'राइटसाइझिंग'पासून सुरुवात केली, मग 'जर्नी' आली, मग 'नेक्स्ट चॅप्टर' आला. ऋजुताने पंधरा-वीस वाक्यं ऐकून घेतली आणि सरळ विचारलं, "म्हणजे मला काढलं का?"

शौनकने छातीवर हात ठेवला. "नो, नो! वुई डोन्ट यूज दॅट वर्ड हिअर. वुई आर अ फॅमिली."

काय माणूस आहे! काढायला जीभ लागत नाही, फक्त 'काढलं' म्हणायला लागते, आणि तीच नेमकी याची वळत नाही. आणि फॅमिली? कुठल्या घरात दुपारच्या चहाआधी माणसाला सांगतात, की बाई, तू आता या घरातली नाहीस, तुझं कार्ड जमा कर?

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण निरोप 'मराठमोळा' हवा, अशी त्याची कल्पना. एचआरमधल्या अंतराने मान खाली घालून शाल पुढे केली, नारळ पुढे केला, शौनकने दोन्ही ऋजुताच्या हातात दिले आणि फोटो निघाला. कॅमेरा समोर आला की माणूस सवयीने हसतो, तशी ऋजुताही हसली. त्या हसण्याची तिला वाटभर चीड येत राहिली.

तो फोटो ती घरी पोचायच्या आधीच नोकरदार मंडळींच्या त्या साइटवर झळकला आणि तिथून घरच्या ग्रुपवर आला. भाऊंनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, इंग्रजी मजकूर वगळला आणि फोटो पाहिला. शाल, श्रीफळ, हसणारी सून. फडके रोडवर जाऊन पेढे आणले आणि मजल्यामजल्यावर वाटले. त्यांचं काय चुकलं? शाल आणि श्रीफळ मिळालेल्या माणसाचं अभिनंदनच करतात आपल्याकडे.

ऋजुताने दार लावलं तेव्हा तो नारळ देवासमोर होता. शाल आणि नारळ ती ऑफिसातच टाकून येणार होती, पण अंतराने ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवून दिले होते. भाऊंनी नारळाला हळदकुंकू लावलं होतं.

"भाऊ, सत्कार नव्हता तो. मला कामावरून काढलं."

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. मग त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "मग हे काय लिहिलंय? नीट सांग मला. काय ते 'सेलिब्रेटिंग'."

ऋजुता सोफ्यावर टेकली आणि सांगू लागली. "सेलिब्रेटिंग म्हणजे, सुटलो एकदाचे. 'शी हॅज चोझन टू एक्सप्लोअर', म्हणजे मी स्वतःहून नोकरी सोडली."

"तू सोडलीस?" भाऊंचा आवाज चढला. "आम्हाला एका शब्दाने न विचारता?"

"मी नाही सोडली, भाऊ! खोटं आहे ते!" तीही ओरडली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "उलट आता मीही तेच लिहायचं आहे. अंतराने मजकूरसुद्धा तयार करून पाठवलाय. मी माझ्या नावाने थँक्यू म्हणायचं, माझा निर्णय म्हणायचं, मग मला अनुभवाचं पत्र. नाही लिहिलं तर पत्र नाही. पत्राशिवाय दुसरीकडे उभं कोण करणार मला?"

भाऊंनी सगळी नोकरी पाणीखात्यात काढली होती.

"आम्ही फळ्यावर लिहायचो, 'उद्या पाणी येणार नाही.' लोक शिव्या द्यायचे. पण हंडे भरून ठेवायचे," ते म्हणाले. मग त्यांची नजर देवासमोरच्या नारळावर गेली आणि तिथेच अडकली. "ऋजुता."

"काय?"

"म्हणजे त्यांनी तुला नारळ दिला."

"हो ना."

"अगं, खरोखरचा दिला! हातात! वर फोटो काढून चारचौघांत लावला!"

ऋजुताने फोटो पुन्हा पाहिला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. कामावरून काढण्याला मराठी माणूस काय म्हणतो, हे दुसरी-तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ज्याच्या कंपनीच्या गिरण्या साऱ्या महाराष्ट्रात विकल्या जातात, त्याला ते माहीत नाही! आज तिच्यासकट काढलेल्या बावीस जणांच्या हातात त्याने नारळ दिले आणि बावीस वेळा हसला. पण अंतरा? अंतरा कळव्याची. तिला तर माहीत होतं.

अंतराने पाठवलेला तो मजकूर ऋजुताने पुन्हा एकदा वाचला. 'आय अॅम थ्रिल्ड.' पुढचं तिच्याने वाचवेना. चालू गिरणीत हात घालू नका, असं लिहिणाऱ्या बाईने हे लिहायचं? तिने तो पुसून टाकला. शौनकच्या पोस्टखाली गेली आणि पुस्तिकेत लिहायची तसं, एकच वाक्य लिहिलं:

'मराठी वाचकांसाठी अर्थ: नारळ दिला.'

खाली नाव लिहिलं, आणि पाठवून दिलं.

जेवणाची ताटं घेईपर्यंत फोन तापला. कुणी हसणारी तोंडं टाकली, कुणी नुसतंच 'खरंय' लिहिलं. मग डीलर उतरले. सातारा, लातूर, अहिल्यानगर. ज्यांना ऋजुताची पुस्तिका वाचून गिरण्या बसवायची सवय, ते. एकाने विचारलं, 'साहेब, नवीन गिरणीबरोबर नारळ फ्री आहे का?'

तेवढ्यात अंतराचा फोन आला. ऋजुताने तो भाऊंना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"ताई, प्लीज डिलीट करा ना ते. सर खूप चिडलेत. इथेच आहेत."

"काय डिलीट करू? दिलाच ना नारळ?"

मागून शौनकचा आवाज आला. "व्हॉट इज हर प्रॉब्लेम? वुई डिड गिव्ह हर अ कोकोनट! व्हाय आर दे लाफिंग?"

"अंतरा, सांग त्यांना," ऋजुता म्हणाली. "नारळ आणलेस तेव्हाही माहीत होतं तुला. तेव्हा घाबरलीस, मी समजू शकते. आता सांग. सोप्या भाषेत सांग."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग अंतराचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. "सर, मराठीत नारळ दिला म्हणजे... कामावरून काढलं. आपण त्यांना काढलं, सर. सगळ्यांना."

दुपारपासून त्या कंपनीतल्या एका तरी तोंडातून तो शब्द बाहेर पडला होता. ऋजुताचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"अंतरा, आत्ता बोललीस तेच पत्रात लिही. कंपनीने काढलं. मी सोडली नाही. तसं पत्र आलं की मी माझं वाक्य काढते."

मागून शौनक हिंदीत ओरडला, "जो चाहिए दे दो उसको! बस वो फोटो हटाओ!"

पत्र मेलवर आलं. दोनच ओळी. त्यात 'जर्नी' नव्हती, 'चॅप्टर' नव्हता. कंपनीने सेवा संपवली, काम चोख होतं, एवढंच. ऋजुताने ते भाऊंना वाचून दाखवलं आणि ठरल्याप्रमाणे आपलं वाक्य काढून टाकलं. फोटो तर आधीच गेला होता.

"हे मला कळलं," भाऊ म्हणाले. "अर्थ सांगावा लागला नाही."

ते उठले, देवासमोरचा नारळ उचलून काखेत घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"जिथे पेढे दिले, तिथे." त्यांनी कडी काढली. "माझ्या सुनेला नारळ दिला, असं सांगून येतो. शालनबाईंपासून सुरुवात करतो."