घुबडकाकांची हजेरी

मी एक किल्ली बोलतेय. माझं काही बिघडलेलं नाही, हे आधीच सांगते. बिघडलं ते दुसरीकडेच, आणि त्याची पहिली चाहूल इतक्या बारीक गोष्टीतून लागली की ससाबाई सोडून कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

मंगळवारी सकाळी आमच्या संस्थेच्या पत्त्यावर एका निवृत्त ग्रंथपालबाईंचा मेल आला. शनिवारी त्यांनी आमच्या प्रोग्रामच्या मदतीच्या पानावरची एक ओळ दुरुस्त करून पाठवली होती. असलं काही त्यांनी जन्मात पहिल्यांदा केलं होतं. मेलमध्ये भीतभीत विचारलं होतं, माझं काही चुकलं का, कुणी काहीच बोललं नाही.

ऑफिस सांभाळणाऱ्या ससाबाईने तो मेल दोनदा वाचला, आणि मी जिथे लटकते तिथे, तिच्या गळ्याखाली, धडधड वाढली. कारण पहिल्यांदा काम पाठवणाऱ्याला आमचे सहकारी घुबडकाका त्याच दिवशी दोन ओळी आभाराच्या लिहितात. सोळा वर्षांत हे चुकलेलं नाही. ताप असला तरी लिहितात. आदल्या दिवशी सगळ्यांशी कडाकडा भांडलेले असले तरी लिहितात. आणि इथे शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला, त्या बाईंना कुणी साधं 'आभारी आहे' म्हटलं नव्हतं.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही मला कपाटाची किल्ली समजाल.

मी अंगठ्याएवढी, काळी, कॉम्प्युटरला लावायची किल्ली आहे. माझ्या पाठीवर चण्याएवढा धातूचा ठिपका आहे. त्याला बोट लागलं की हिरवा दिवा लागतो. माझ्या पोटात एक लांबलचक आकडा आहे, तो मलाही कुणाला सांगता येत नाही. कारखान्यातून आम्ही दोघी बहिणी एकाच डबीतून आलो. आमची संस्था छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांची नोंद ठेवायचा प्रोग्राम बनवते. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून आत बघावा, चुकलं असेल तर सुधारावा. दोन-अडीचशे लोक आपापल्या घरून, आपापली कामंधामं सांभाळून त्यात भर घालतात. पण सगळंच उघडं म्हटल्यावर, आलेली प्रत आमचीच आहे, मधे कुणी खोडी केलेली नाही, हे वाचनालयाला कळणार कसं? त्यासाठी आम्ही दोघी. प्रत्येक नव्या आवृत्तीवर दोन शिक्के लागतात, एक माझा, एक बहिणीचा. एकीचा शिक्का दुसरीवाचून कुचकामी. बहीण घुबडकाकांकडे, दूर दुसऱ्या शहरात. मी इथे, ससाबाईच्या गळ्यात.

शिक्के गुरुवारी दुपारी तीनला लागतात. त्याचा एक नियम आहे. दोघांनी फोनवर बोलायचं, ओळखीचा आवाज कानावर पडल्याशिवाय बोट लावायचं नाही. काकांचा आवाज जाडाभरडा, बोलताना मधेच खोकला.

"लावलीस?"

"लावली, काका."

"मग दाब की. चावत नाही ती."

चार वर्षं दर गुरुवारी हेच. त्यानंतर पाच-दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा. मी त्या दोघांना कधी एकत्र पाहिलेलं नाही, कारण ते कधी भेटलेलेच नाहीत. काकांच्या फोटोच्या जागी घुबडाचं चित्र आहे. लिखाणाखाली सही घुबड. सगळे घुबडकाका म्हणतात, आणि नवीन माणसाला दोन दिवस वाटतं की आपली थट्टा चाललीय.

ससाबाई हे नाव त्यांनीच ठेवलं. आमचं ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरची एक खोली. खाली यंत्राची घरघर सुरू झाली की ती दचकायची, आणि फोनवर काकांना ते कळायचं. चांगली शिकलेली पोरगी, पण काळीज सशाचं. दारावर कुरियरवाल्याने टकटक केली तरी मी एकदा उडते. संस्थेत पूर्णवेळ माणूस ती एकटीच. बैठकांची इतिवृत्तं, वैतागलेल्या वापरकर्त्यांना उत्तरं, दोन स्वयंसेवकांची जुंपली तर दोघांची समजूत, आमचं चिन्ह परवानगीवाचून वापरणाऱ्यांना नम्र पत्रं, नवीन माणसांना पाकिटातून स्टिकर. काम कुणाला दिसत नाही, पण एक दिवस राहिलं की सगळ्यांना दिसतं.

तर मंगळवारी तिने संस्थेच्या अध्यक्षबाईंना फोन केला. त्या एका कॉलेजात शिकवतात, घाईत असतात, वाईट मुळीच नाहीत. त्यांनी समोरच्या पडद्यावर बघूनच उत्तर दिलं. काका रोज सकाळी नऊला हजर दिसतायत की. आजही नऊला हिरवी खूण आहे. कामात असतील.

खूण खरंच होती. आमच्याकडे सकाळी प्रत्येकाने 'हजर' असं लिहायचं, नावापुढे हिरवी खूण येते. घुबडकाकांची सगळ्यांच्या आधी. ससाबाईला जरा बरं वाटलं. मग तिने काकांचा नंबर लावला, आणि बाईच्या गोड आवाजात कळलं की आपण संपर्क साधू इच्छिता तो फोन बंद आहे.

घरी तिने आईला सांगितलं. आई डाळ निवडत होत्या.

"चार दिवस माणूस बोलला नाही म्हणजे लगेच काही झालं का? तुझे वडील एका घरात राहून आठ-आठ दिवस बोलत नाहीत."

बाबांनी पेपरामागून हुं केलं. आई म्हणाल्या, हे बघ, झालं यांचं या आठवड्याचं बोलून. ससाबाई हसली. मी तिच्या छातीवर होते, आत हसू पोचलं नव्हतं.

गुरुवार आला. पावणेतीनला तिने मला कॉम्प्युटरला लावलं. तीन वाजता फोन लावला. बंद. सव्वातीनला. बंद. साडेतीनला तिचं बोट माझ्या ठिपक्याजवळ येऊन थांबलं, परत गेलं. मी तशीच खोचलेली, दिवा न लागलेली. पाच वाजता तिने मला उपसून पुन्हा गळ्यात घातलं, आणि सगळ्यांना कळवलं की या आठवड्याची आवृत्ती लांबली. अर्ध्या तासात तीन तक्रारी आल्या. काका कसे आहेत, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. विचारणार कसे? गुरुवारी सकाळी नऊला ते हजर होते, आणि शुक्रवारीही.

शुक्रवारी ती खुणांचा जुना तक्ता उघडून बसली. इतरांच्या खुणा नऊ-सात, नऊ-बावीस, कुणाची साडेदहा. काकांची रोज नऊ. बरोबर नऊ, पुढे एक सेकंदही नाही. तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाला फोन लावला.

तो दिलखुलास हसला. "अगं, ती हजेरी काका कुठे लावतात? त्यांचा प्रोग्राम लावतो, आपल्याच सर्व्हरवर बसून. सहा वर्षं झाली. हजेरीचा नियम निघाला त्याच दिवशी त्यांनी लिहिला, म्हणे मी काही शाळेत नाही. तुला माहीत नव्हतं? आम्ही केवढे हसलो होतो."

मग त्याचं हसणं हळूहळू थांबलं.

"किती दिवस बोलले नाहीत ते?" त्याने विचारलं.

काकांचं शेवटचं लिखाण दोघांनी मिळून शोधलं. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी आमचे शिक्के झाले, त्यानंतर शुक्रवारी सकाळी पावणेसहाला काकांनी कुणाची तरी चूक सुधारली होती. त्यानंतर काही नाही. सात दिवस त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उगवत होती, आणि ती उगवताना बघून दोन-अडीचशे माणसं निर्धास्त होती.

पत्ता शोधू म्हटलं, तर पत्ता नाही. आमच्या संस्थेला एका गोष्टीचा फार अभिमान आहे, आम्ही कुणाची खासगी माहिती साठवत नाही. काम बघतो, माणसाची चौकशी करत नाही. मी काकांच्या घरून पाकिटात बसून आले होते, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असणारच. पण नियमाप्रमाणे ससाबाईनेच ते पाकीट त्याच दिवशी बारीक फाडून टाकलं होतं. नोकरीतला तिचा तो पहिलाच आठवडा, आणि नियम पाळला म्हणून काकांनी तिला शाबासकी दिली होती. हे आठवल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी भिजले. तीही भिजली.

सोमवारी दुपारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली, पडद्यावर सात चौकोन. ससाबाई इतिवृत्त लिहायला. तिला वाटलं होतं, आता सगळे काकांना शोधतील. अध्यक्षबाईंनी नियमावली उघडली. किल्लीधारकाशी चौदा दिवस संपर्क नसेल तर दोन्ही किल्ल्या बाद करून नव्या नेमाव्यात. चौदा दिवस शुक्रवारी भरत होते. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं. कुणी मुद्दाम निष्ठुर नव्हतं. एकाने खरोखर कळवळून म्हटलंही, फार वाईट वाटतं, पण वाचनालयं खोळंबलीत. दुसऱ्याने विचारलं की काकांची किल्ली भलत्याच्या हाती लागली असेल तर काय. यावर तासभर चर्चा झाली.

ससाबाई बैठकीत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली, आणि तिचा आवाज इतका कापत होता की एकाने 'तुमचं नेटवर्क जातंय' असं सांगितलं.

"किल्ली हरवली तर काय करायचं याची आपल्याकडे अडीच पानं आहेत," ती म्हणाली. "माणूस हरवला तर काय करायचं, एक ओळ नाही."

मग अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण सांग ना, काय करायचं आपण?" आणि ते तिलाही माहीत नव्हतं. इतिवृत्तात तिने स्वतःचं वाक्य लिहिलं नाही.

मंगळवारी ती पोलीस चौकीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर तीन वेळा माघारी वळली, मी मोजलं. आतल्या हवालदारांनी खुर्ची दिली, कागद पुढे ओढला. हरवलेल्याचं नाव?

"घुबड," ती म्हणाली.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. थट्टा करताय का, असं विचारलं नाही, पण बघितलं तसंच. तिने घाईघाईने सगळं सांगितलं, प्रोग्राम, शिक्के, नऊ वाजताची खूण. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. वय? साधारण साठ, आवाजावरून. राहतात कुठे? माहीत नाही. घरी कोण कोण? माहीत नाही. दिसतात कसे?

ती रडायला लागली. हवालदार ओशाळले. त्यांनी काकांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला, ती टेबलाच्या काचेखाली सरकवली, आणि म्हणाले, "मॅडम, चार वर्षं दर आठवड्याला बोलत होता ना? कधी विचारलं नाही, जेवलात का, कुणी आहे का सोबत?"

विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, मोठ्या माणसाला खासगी विचारू नये. आणि ते बोलायचे इतके भरभरून, की त्यांनी स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नाही हे लक्षात यायला बारावा दिवस उजाडावा लागला.

आज तेरावा दिवस. बुधवार. खाली दवाखान्यात यंत्र चालू आहे आणि ससाबाई दचकत नाहीये. सकाळी तिने त्या ग्रंथपालबाईंना उत्तर लिहिलं, दोन ओळी, काका लिहितात तशा. मग सर्व्हरवाल्या दादाला सांगून काकांची ती हजेरी बंद करवली. आज नऊ वाजता त्यांच्या नावापुढे काहीच उगवलं नाही. ती रिकामी जागा बघून दहा मिनिटांत चाळीस जणांनी विचारलं, काका कुठे आहेत?

माझं काय, परवा मला बाद करतील. हातोडीने ठिपका फोडायचा असा नियम आहे, तोही ससाबाईनेच. त्याचं मला फारसं वाटत नाही, मी वस्तू आहे, माझ्या जागी दुसरी येईल, तिच्या पोटात दुसरा आकडा असेल. बहिणीचं मात्र वाटतं. ती कुठे असेल? टेबलावर? खिशात? तिने काय काय पाहिलं असेल?

फुटण्याआधी तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्याही पडद्यावर कुणाची तरी हिरवी खूण रोज ठरल्या वेळी येत असेल. कुणी रोज फुलाचं चित्र पाठवत असेल, कुणाचा दिवा सतत लागलेला दिसत असेल. तेवढ्यावर निवांत बसू नका. माझा दिवासुद्धा कुणाच्याही बोटाने लागतो. आवाज ऐका. आणि ऐकलाच, तर दोन प्रश्न जास्तीचे विचारा.

साडेचार वाजलेत. ससाबाईने फोन उचललाय. सवयीने लावतेय, आज सातव्यांदा. गोड आवाजातली ती बाई आता बोलेल म्हणून तिने फोन कानापासून जरा लांबच धरलाय.

पण ती बाई बोलत नाही. रिंग वाजतेय.

ससाबाई ताडकन उठून उभी राहिली, मी टेबलाच्या कडेवर आपटले. दुसरी रिंग. तिसरी. सहावी. नववी. खट्ट.

"हॅलो?" एका दमलेल्या बाईचा आवाज. मागे चाकांच्या खाटेचा खडखडाट, कुणीतरी कण्हतंय. "हॅलो, ठेवू नका फोन. मी वॉर्डातली सिस्टर बोलतेय. सकाळी फिरायला निघालेले हे गृहस्थ रस्त्यात कोसळले, जवळ फक्त हा फोन आणि एक काळी किल्ली. फोन बंद पडला होता, आज कुठे याला बसणारा चार्जर मिळाला. तेरा दिवस शुद्धीवर नाहीत, आणि कुणीसुद्धा आलेलं नाही. तुम्ही यांच्या घरच्या आहात का?"

"हो," ससाबाई म्हणाली. "पत्ता सांगा."